नॉटपेट्या रायगडात आला तेव्हा

आमच्या खांब गावात सायबर हल्ला म्हणजे ओटीपी विचारणारा फोन, इतकीच समजूत. पण २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम आपल्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात येऊन थडकला होता. मर्स्क समूहाचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं, कामं हातानं उरकायची पाळी आली. सुरुवात कुठून, तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून!

मला या विषयाची गोडी लागली ती त्याच्या चिरफाडीमुळे. पडद्यावर खंडणीची मागणी आणि खाली लांबलचक ‘की’. जाणकारांनी प्रोग्रॅम उलगडला तेव्हा कळलं, ती नुसती रँडम अक्षरं. म्हणजे पैसे भरूनही कुलूपबंद डिस्क सुटणार नव्हतीच. शिवाय विंडोज फोल्डरात ‘पर्फसी’ नावाची फाइल आधीच असली, तर हे महाशय गप्प बसत.

अशी चिरफाड मी शिकतो ती घिड्रा या साधनावर. अनोळखी फाइल उघडली की आधी आतला मजकूर शोधायचा, मग तो कुठून बोलावला जातो ते. घिड्रा २०१९च्या मार्चमध्ये फुकट खुलं केलं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं. आणि नॉटपेट्यानं पसरायला वापरलेलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यारही त्यांच्याच घरातून फुटलेलं. आता बोला!