धातू, हाड आणि मधली काळी रेघ

नमाजमध्ये बसताना घोट्यावर किती भार येतो, हे घोटा दुखेपर्यंत कळत नाही. गुडघा बदललेली माणसे आता गल्लोगल्ली भेटतात. घोटा बदललेले मी पाहिलेले पहिले माणूस म्हणजे आमचे मामू. ऑपरेशननंतर त्यांचा एकच प्रश्न असे, "हाडाने धातू धरला का?"

हा प्रश्न जुना आहे. 1970 साली फ्रान्समध्ये लॉर्ड आणि मारोत यांनी कृत्रिम घोटा बसवला. रचना खुब्याच्या सांध्याची, उलटी करून सिमेंटने बसवलेली. त्यांच्या 25 पैकी 12 शस्त्रक्रिया फसल्या. पुढे बरीच वर्षे अनेक सर्जन घोटा कायमचा जाम करणेच पसंत करत.

वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. 1952 मध्ये स्वीडनचे ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपला, पण टायटॅनियमचे उपकरण निघेना. हाड त्याला चिकटून वाढले होते! दात, खुबा, गुडघा असे करत ही कल्पना घोट्यापर्यंत आली. डेन्मार्कच्या कोफोएड यांनी 1990 च्या सुमारास सिमेंट सोडले आणि धातूला हाडातल्या खनिजासारखा लेप दिला.

सिमेंट काही मिनिटांत घट्ट होते, हाडाला महिने लागतात. मग ते धरले की नाही, पाहायचे कसे? 1895 मध्ये राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला, त्यात बोटाची हाडे होती आणि अंगठीही. हाड आणि धातू तेव्हापासून शेजारी दिसतात. अडचण मधल्या फटीची. धातू सैल असेल तर कडेने बारीक काळी रेघ दिसते, पण किरण त्या पृष्ठभागाला समांतर गेले तरच. पाय जरा तिरका झाला की रेघ गायब. प्रकाशाचा विषय निघाला की आपण इब्न अल-हैसम यांचे नाव घेऊन खुश होतो. डोळ्यांना दिसते त्यावर शंका घ्यायची त्यांची सवय मात्र उचलत नाही.

हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने 1971 पासून आतले काप दिसू लागले. तिथे धातूच आडवा येतो, चित्रभर पांढरे पट्टे ओढतो. ते कमी करण्याच्या संगणकीय युक्त्या नंतर आल्या. 1962 मध्ये फ्लोरिन-18 वापरून हाडाचे चित्र घेण्याची रीत निघाली होती. नवे हाड बनते तिथे फ्लोराइड जमते. पण सैल सांध्याभोवतीही हाडाची धडपड चालूच असते, म्हणून तेही चित्र जपूनच वाचावे लागते.

मामूंच्या एक्स-रेत टाचेकडून एक पुसट रेघ आहे. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. तोवर नमाज खुर्चीवर.