धाब्यावर लपवलेले हेर

* धाब्यावर : यरीहोतल्या राहाबने इस्राएली हेरांना वर नेऊन जवसाच्या ताटांखाली दडवले (यहोशवा 2:6), कारण ताटे वाळत घालण्याची जागाच ती. धाबे म्हणजे सपाट छप्पर; कनानातली छपरे अशीच असत. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या-बोरू आणि वर मातीचा गिलावा. दगडी रूळ फिरवून ती माती दाबून घट्ट करत. कफर्णहूमात चौघांना छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडता आले, ते या बांधणीमुळेच.

उन्हाळ्यात लोक छपरावरच निजत. यापो गावात येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी प्रार्थनेला वर गेला.

एवढा वावर म्हटल्यावर पडण्याचा धोकाही खराच. म्हणून नव्या घराच्या छपराला कठडा बांधलाच पाहिजे, असा नियम अनुवाद 22:8 मध्ये आहे. कोणी पडून मेल्यास दोष घरावर येई.