कराची–मुंबई : अंतर किती?

आठवीच्या वर्गात एकदा नकाशावर पट्टी ठेवून अंतरे काढायला सांगितली होती. एका मुलाने चकित होऊन विचारले, "सर, मुंबईहून दिल्लीपेक्षा कराची जवळ?" प्रश्न बरोबर होता. सरळ रेषेत दिल्ली सुमारे 1150 किलोमीटर, तर कराची सुमारे 875. जेट विमानाला दीड तास पुरे.

या मार्गाचा इतिहास विद्यार्थी मित्रांनी अवश्य माहीत करून घ्यावा, कारण आपल्या देशातील टपाल-विमानसेवेचा एक मोठा अध्याय येथेच सुरू झाला. 1929 पासून लंडनचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे मुंबई-मद्रासला ते लवकर पोचवावे, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे मांडली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले. बरोबर टपालाची थैली, वजन जेमतेम 25 किलो. रेडिओ नाही, वाट दाखविणारे कोणी नाही. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या मैदानावर उतरले. म्हणजे सुमारे सात तास. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

त्याआधी 1930 मध्ये आगाखान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस ठेवले होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्याला देऊन टाकला, आणि बक्षीस अस्पीनेच जिंकले. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्या काळी कराची मुंबई इलाख्यातच होती. सिंध 1936 मध्ये वेगळा झाला. आमची आजी सांगे, तिची धाकटी बहीण लग्न होऊन बोटीने कराचीला गेली तेव्हा पासपोर्ट हा शब्दही घरात कोणाला ठाऊक नव्हता. आपल्या कोकणातील कितीतरी घरांची हीच कथा आहे.

1971 मध्ये आकाश बंद झाले, ते 1976 मध्ये उघडले. 1982 मध्ये 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला, तेव्हा मार्ग खुला होता. 2002 च्या आरंभी विमाने पुन्हा थांबली, 2004 मध्ये सुरू झाली. पी. आय. ए.ची कराची-मुंबई सेवा 2017 मध्ये बंद पडली. एप्रिल 2025 च्या अखेरीस तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले.

आजीची बहीण वारली त्या वर्षी आमचे चुलते दुबईमार्गे गेले. मुंबई-दुबई सुमारे 1930 किलोमीटर, दुबई-कराची सुमारे 1190. मधे विमानतळावरचा मुक्काम वेगळा. ते पोचले तेव्हा दफन होऊन गेले होते.

वर्गातील त्या मुलाने वहीत 875 लिहिले. मी त्याखाली 3120 लिहायला सांगितले, आणि का ते पुढच्या तासाला समजावून दिले.