पिठल्यातल्या गुठळ्या आणि इन्सुलिनचा इतिहास

बारावीच्या जीवशास्त्रात एक वाक्य असतं. माणसाचं इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घातलं आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागला. मुलं पाठ करतात, दोन मार्क मिळतात, विषय संपतो.

परवा एका कॉलेजच्या कार्यक्रमाची बातमी करायला गेलो होतो. पाहुण्यांनी हेच उदाहरण दिलं आणि पुढे म्हणाले की आपल्या देशाला निव्वळ कुतूहलापोटी केलेलं संशोधन परवडत नाही, उपयोगाचं तेवढंच करा. टाळ्याही पडल्या. मी आर्ट्सवाला, वर वृत्तपत्रविद्येचा डिप्लोमा. पण त्या वाक्यातला जो 'आणि' आहे ना, त्याच्यामागे मी बरेच दिवस लागलोय. लांबलंय थोडं, सवडीने वाचा.

इन्सुलिन सापडलं १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरांटोला. बँटिंग आणि बेस्ट. पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर साठ वर्षं इन्सुलिन यायचं ते कत्तलखान्यातून, गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून. ८ औंस, म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त माल लागायचा. मधुमेही वाढत गेले तर एवढी जनावरं आणायची कुठून, ही काळजी सत्तरच्या दशकात कंपन्यांना खरोखरच होती.

म्हणून जिवाणू. ई. कोलाय. आपल्या आतड्यात राहतो, चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याच्यापेक्षा स्वस्त कामगार मिळणार कुठे!

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेंटेक नावाच्या नव्या कंपनीने सिटी ऑफ होप इथल्या शास्त्रज्ञांबरोबर पहिला प्रयोग केला तो इन्सुलिनवर नाही. सोमॅटोस्टॅटिन नावाचं छोटंसं संप्रेरक घेतलं, अवघ्या १४ अमिनो आम्लांचं. जनुक घातलं. हाती काहीच आलं नाही. जिवाणूने ती परकी, इवलीशी साखळी बनवली आणि लगेच खाऊन टाकली असणार, असा निष्कर्ष निघाला. मग त्यांनी ती साखळी जिवाणूच्याच एका भल्यामोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडली. आता ती टिकली. मागाहून जहाल रसायन वापरून ती तोडून वेगळी काढली.

१९७८ मध्ये याच युक्तीने इन्सुलिन केलं. इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, २१ ची 'ए' आणि ३० ची 'बी'. दोन्ही वेगवेगळ्या जिवाणूंत बनवल्या, वेगवेगळ्या काढल्या आणि मग बाहेर, काचेच्या भांड्यात जोडल्या. हे वाक्य परत वाचा. जिवाणूने इन्सुलिन बनवलंच नव्हतं! सुटे भाग बनवले होते. जुळणी माणसांनी केली. १९८२ च्या ऑक्टोबरात एलाय लिलीच्या 'ह्युम्युलिन'ला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि जनुक-तंत्रज्ञानाचं पहिलं औषध बाजारात आलं.

त्याच वर्षी लिलीच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याची बातमी कुठे झाली नसेल, पण माझ्या मते मंजुरीइतकाच तो महत्त्वाचा. इन्सुलिनच्या साखळ्या बनवणारे जिवाणू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आत चमकदार गोळे दिसले. पेशीच्या आकारमानाच्या २० टक्क्यांपर्यंत. प्रथिन तयार होत होतं, भरपूर होत होतं, पण विरघळलेलं नव्हतं. गुठळ्या झाल्या होत्या. याला नाव पडलं इन्क्लूजन बॉडी.

हे समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की पिठल्याचं काय होतं? प्रथिनाचंही तसंच. प्रथिन म्हणजे लांब दोरा. त्याची ठरलेली घडी बसली तरच ते कामाचं. तेलकट स्वभावाचा भाग आत, पाण्याशी जमणारा भाग बाहेर. जिवाणूच्या पोटात आधीच लिटरमागे ३०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं कोंबलेली असतात. आपण त्याला दामटून परकं प्रथिन बनवायला लावतो. दोरे इतक्या वेगाने बाहेर पडतात की घडी बसायच्या आत एकाचा तेलकट भाग दुसऱ्याच्या तेलकट भागाला चिकटतो. झाली गुठळी. शिवाय इन्सुलिनमध्ये गंधकाचे तीन टाके असतात आणि ई. कोलायच्या पोटातली रासायनिक हवा अशी, की असे टाके पडूच देत नाही.

गंमत अशी की गुठळी सुरुवातीला फायद्याची होती. जिवाणूला ती सहजी खाता येत नाही आणि उरलेल्या गाळापासून ती पटकन वेगळी होते. पण मग ती युरियासारख्या द्रावणात पूर्ण सोडवायची, दोरा सरळ करायचा आणि नव्याने घडी बसवायची. ती बसेल याचा भरवसा कुठून आला?

अन्फिन्सनकडून. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतला माणूस. गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्युक्लिएज नावाचं एक विकर घेऊन बसला होता. त्यात गंधकाचे चार टाके, ते पडण्याचे १०५ प्रकार शक्य. त्याने सगळे टाके उसवले, दोरा मोकळा केला, मग युरिया आणि टाके तोडणारं रसायन दोन्ही काढून घेतलं, आणि प्रथिनाने आपलं आपण बरोबर तेच चार टाके घातले. घडीची माहिती दोऱ्यातच लिहिलेली असते, हे साठच्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. नोबेल १९७२ ला मिळालं. त्याला इन्सुलिनचा कारखाना काढायचा नव्हता.

तसाच शिकागोचा स्टायनर. १९६७ मध्ये त्याने दाखवलं की शरीर इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगळ्या बनवतच नाही. एकच अखंड साखळी बनवतं, मधल्या दुव्यामुळे घडी नीट बसते, मग तो दुवा कापून टाकतं. लिलीने पुढे दोन साखळ्यांचा खटाटोप सोडून हाच रस्ता धरला.

तरी काही प्रथिनं अशी हट्टी, की गुठळीतून सोडवली तरी सरळ होत नाहीत. मग प्रश्न उलटा विचारला गेला. गुठळी होऊच नये म्हणून काय करायचं?

एक उत्तर अगदी घरगुती निघालं. आच मंद करा. १९८८ मध्ये शाइन आणि नोटेबोर्न यांनी दाखवलं की ३७ अंशाला गोळा होणारं इंटरफेरॉन जिवाणू ३० अंश किंवा त्याखाली वाढवले तर बरंचसं विरघळलेलं मिळतं. आजही प्रयोगशाळेत भांडं रात्रभर १६-१८ अंशांवर हलत ठेवतात. दुसरा उपाय म्हणजे सोबतीला चांगलं विरघळणारं प्रथिन जोडून द्यायचं, सोमॅटोस्टॅटिनचीच युक्ती, पण आता जोडीदार पारखून निवडलेला.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. त्याची सुरुवात १९६२ ची, इटलीतली. रिटोसा नावाचा संशोधक फळमाशीवर काम करत होता. कुणीतरी उबवणीच्या पेटीचं तापमान चुकून वाढवलं आणि त्याला माशीच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुकं जागी होतात. निबंध एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला होता. फळमाशीला ताप आला तर आपल्याला काय करायचंय, असंच वाटलं असेल!

पुढे सत्तरच्या दशकात ई. कोलायला लागणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्यांना काही जिवाणू असे सापडले, ज्यांच्यात विषाणूचं डोकंच जुळत नव्हतं. दोष निघाला 'ग्रो-ई' या जनुकात. या जनुकाची प्रथिनं आणि रिटोसाच्या तापात जागी होणारी प्रथिनं एकाच भाऊबंदकीतली. सात-सात पाकळ्यांची दोन कडी एकावर एक, वर झाकण. आत एकच दोरा घेतात, गर्दीपासून अलग ठेवतात आणि त्याला निवांत घडी बसवू देतात. इंग्रजीत यांना शॅपरोन म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पाठराखीण. नवरी सासरी रुळेपर्यंत सोबत राहते आणि मग परत जाते.

१९८९ मध्ये गोलुबिनोफ, गेटनबी, लॉरिमर यांनी रुबिस्कोवर हे सिद्ध केलं. रुबिस्को म्हणजे हवेतला कार्बन पकडणारं विकर, पानातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. ई. कोलायमध्ये पाठराखिणींची संख्या वाढवली तर जिवाणू जातीचं रुबिस्को नीट घडी होऊन मिळालं.

आपल्याकडचं सांगायचं तर भारतीय कंपन्यांनी इन्सुलिनसाठी वेगळीच वाट धरली. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वोक्हार्टने २००३ मध्ये 'वोसुलिन' आणलं आणि पुढच्या वर्षी बायोकॉनने 'इन्सुजेन'. दोन्ही ई. कोलायमध्ये नाही, यीस्टमध्ये. यीस्ट टाके घालतं आणि प्रथिन पेशीबाहेर सोडून देतं, गुठळ्यांची भानगड टळते. बायोकॉनचं पिकिया हे यीस्ट सत्तरच्या दशकात एका अमेरिकी तेल कंपनीने गुरांचं खाद्य बनवायला वाढवलं होतं. म्हणजे हे काही कुतूहल नव्हे, चोख धंद्याचं संशोधन, हेही सांगितलं पाहिजे. पण ते ज्या कामासाठी होतं त्या कामाला आलं नाही, भलत्याच कामाला आलं. पाहुण्यांच्या भाषेत ते 'उपयोगाचं' कुठल्या रकान्यात भरायचं?

आपला देश संशोधनावर सगळा मिळून देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१ ची सरकारी आकडेवारी). त्यातूनही फळमाशीवाल्याला बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी १९६२ ते १९८९ ही सत्तावीस वर्षं जरा मोजून पाहावीत.

आणि गोष्ट तिथे थांबली नाही. थंडीत ई. कोलायच्या स्वतःच्या पाठराखिणीही सुस्तावतात, म्हणून २००३ मध्ये अंटार्क्टिकातल्या एका समुद्री जिवाणूच्या पाठराखिणी त्याच्यात घातल्या गेल्या. वनस्पतींचं रुबिस्को मात्र जिवाणूत बनता बनत नव्हतं. ते जमलं थेट २०१७ ला, जर्मनीत हायर-हार्टल यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी हरितद्रव्याच्या कोठारातली मदतनीस प्रथिनं एकाच वेळी ई. कोलायमध्ये द्यावी लागली. एक जरी महत्त्वाची मदतनीस काढून घेतली तरी काम अडायचं. आता पिकाच्या रुबिस्कोत बदल करून पाहायचा तर आधी अख्खं रोप वाढवायची गरज नाही, जिवाणूत पाहता येतं. जास्त कार्बन पकडणारं पीक यातून येईल का, त्यावर काम चालू आहे.