दारासिंगांचे नाव कसे टिकले?

अंगात बळ नसताना दंड थोपटणाऱ्या पोराला आमच्या सीमाभागात अजूनही विचारतात, ‘तू काय दारासिंग लागून गेलास काय?’ दारासिंग १२ जुलै २०१२ रोजी निवर्तले. त्यांची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली पिढी त्याआधीच विरळ झाली होती. तरीही नावाचा वाक्प्रचार झाला. तो कशाच्या बळावर, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला पडणे साहजिक आहे.

अमृतसर जिल्ह्यातील धर्मुचक गावी १९२८ साली जन्मलेला हा जाट शेतकऱ्याचा मुलगा तरुणपणी सिंगापूरला गेला आणि तेथे धंदेवाईक कुस्तीत शिरला. ही कुस्ती तांबड्या मातीतली नव्हे. चौकोनी मंच, भोवती दोर, तिकीट काढून आलेला प्रेक्षक आणि एक सज्जन व एक दुष्ट अशी जोडी, हा तिचा थाट. यातले निकाल पुष्कळदा आधीच ठरलेले असत, म्हणून आपल्या तालमीतले वस्ताद तिला ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाक मुरडीत. पण किंगकाँगसारख्या अजस्र मल्लाशी झुंजणारा दारासिंग लोकांच्या मनात भरला. १९५९ मध्ये कलकत्त्यास त्यांनी जॉर्ज गॉर्डियंको यांना हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले, तर २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझ यांच्यावर मात केली.

मंचावर नायक म्हणून वावरण्याची सवय असलेल्या माणसाला पडदा परका नव्हता. ‘किंगकाँग’ (१९६२) आणि ‘फौलाद’ (१९६३) चालले. मुमताजबरोबर त्यांनी डझनभराहून अधिक चित्रपट केले. बोलण्यातला पंजाबी ठसा कधी गेला नाही, त्याने अडलेही नाही. ‘बजरंगबली’ (१९७६) मध्ये ते हनुमान झाले, आणि १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा तेच रूप त्यांना मिळाले. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या ओसरीपर्यंत माणसे बसत. मराठी, कानडी, उर्दू बोलणारे शेजारी एकाच चौकटीकडे पाहत. पडद्यावर मारुती आला की म्हाताऱ्या हात जोडीत. आखाड्यातल्या कोणत्याही विजयाने मिळाले नसते असे स्थान त्यांना तेथे मिळाले.

२००३ ते २००९ या काळात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. राज्यघटनेच्या ८०व्या कलमात नियुक्तीसाठी वाङ्मय, शास्त्र, कला आणि समाजसेवा ही चार क्षेत्रे आहेत. खेळाचा उल्लेख नाही. अशा रीतीने तेथे गेलेले ते पहिले खेळाडू म्हणून त्यांचा गौरव होतो. माझ्या मते मात्र हे दार पैलवानापेक्षा मारुतीने उघडले.

आता आपल्या घरातले उदाहरण पाहा. दारासिंगांनी राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले त्याच १९५९ साली, दिल्लीत, चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे पंजाबच्या बंतासिंगाला चीत करून पहिले ‘हिंदकेसरी’ झाले. ती कुस्ती मातीतली आणि निकाली. कोल्हापूरच्या तालमीत घडलेला हा आपला मल्ल २०२० च्या डिसेंबरात गेला. नववीच्या वर्गात मी हे नाव विचारले, तर दोन हात वर झाले. दारासिंग सर्वांना ठाऊक होते.

यात दारासिंगांचा दोष नाही. मेहनत त्यांनीही केली, आणि मिळालेली प्रत्येक संधी नेटाने निभावली. परंतु लोकस्मृती पराक्रमाच्या मापाने वाटली जात नाही. जिथे चित्र आणि आवाज वारंवार घरात येतो, तिथे ती मुक्कामाला राहते. मातीतल्या कुस्तीचे चित्रण फारसे झाले नाही. ती पाहणाऱ्यांच्या तोंडी राहिली आणि त्यांच्याबरोबरच निघून चालली आहे.

आपल्या तालुक्यात जुने वस्ताद अजून आहेत. कुणी मराठीत सांगतील, कुणी कानडीत. सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे पाठवा, मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्या, गाव आणि साल विचारून वहीत उतरवा. शाळेचे एक कपाट मी त्यासाठी रिकामे करून ठेवले आहे.