डिस्क आली, मराठी मागेच राहिलं

१९९८ सालच्या आसपासचा डीटीपीचा एखादा संगणक डोळ्यांसमोर आणा. आत हार्ड डिस्क, तिला ती रुंद, चपटी, आयडीईची केबल. २००३ पासून साटा आलं आणि ती केबल हळूहळू गेली. तेवढ्याने अडत नाही म्हणा. डिस्क फिरत असेल तर अ‍ॅडॅप्टर लावून यूएसबीवरून फाइली नव्या संगणकावर उतरतात. फाइल उघडली की मात्र पोटात गोळा येतो: मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी!

कारण सांगतो. त्या फाइलीत मराठी नव्हतंच. फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते, कुठे काना, कुठे अर्धा म. डिस्कवर साठायचा तो नुसता क्रमांक. ‘म’ दाखवायचा फॉन्ट. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. खरं तर १९९१ सालीच इस्की हे भारतीय मानक आलं होतं, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण विंडोजमध्ये ती रुळायला २००० साल उजाडलं. दिवाळी अंक तोवर थांबणार होते थोडेच?

म्हणून जुन्या डिस्कवरून मजकूर घ्याल तेव्हा तिच्यावरचे फॉन्टही उचला. कुठली मांडणी आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. कन्व्हर्टर चालवल्यावरही पहिली वेलांटी आधी तपासा. त्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी साठायची, युनिकोडमध्ये नंतर साठते. सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात.