थर्मोस्टॅटचा कुलवृत्तांत

विजेचा ओव्हन बिघडला की घरातला प्रत्येक माणूस इलेक्ट्रिशियन होतो. कालपर्यंत बल्ब बदलताना ज्याला स्टूल धरायला माणूस लागत होता, तोही ओव्हनच्या पाठीवर थाप मारून "कॉइल गेली" असं निदान करून मोकळा होतो. कॉइल बिचारी बहुतेक वेळा शाबूत असते. पण आपल्याकडे पडद्याआडचा गुन्हेगार सापडेपर्यंत जो समोर दिसेल त्याला धरायची जुनी पद्धत आहे, आणि कॉइल तेवढी बाहेरून दिसते.

वास्तविक ओव्हनच्या तक्रारी दोनच. एक, तापत नाही. दुसरी, तापायचा थांबत नाही. पहिलीत फारसं नाट्य नसतं. प्लग, वायर, कॉइल यांपैकी कुणीतरी राजीनामा दिलेला असतो, तो शोधायचा. दुसरी तक्रार मात्र खानदानी आहे. तिच्यामागे थर्मोस्टॅट उभा असतो आणि त्याच्या घराण्याला चारशे वर्षांचा इतिहास आहे. आम्ही बँकवाले खात्याचा मागचा उतारा पाहिल्याशिवाय खातेदाराशी बोलत नाही. तेव्हा आधी उतारा.

या घराण्याचा मूळपुरुष कॉर्नेलिस ड्रेबेल. हॉलंडातल्या आल्कमार गावी १५७२ साली जन्मला. गृहस्थ खटपट्या. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या पदरी होता, मधेच प्रागला सम्राट रुडॉल्फकडे जाऊन आला, आणि पुढे टेम्स नदीत पाण्याखालून चालणारी होडी करून त्याने लंडनकरांना तोंडात बोटं घालायला लावली. या माणसाने कोंबडीची अंडी कोंबडीवाचून उबवण्यासाठी एक भट्टी केली. पेटीभोवती पाण्याचं आवरण, खाली विस्तव. पाण्यात मद्यार्क भरलेली नळी आणि तिच्या तोंडाशी पारा. ऊब वाढली की मद्यार्क फुगे, पाऱ्याला ढकले, पारा एक दांडी उचले आणि ती दांडी धुराड्याचं झाकण लोटे. वाऱ्याची वाट बंद झाली की विस्तव मंदावे. भट्टी निवू लागली की हाच सगळा व्यवहार उलट. राखणीला माणूस नको!

म्हणजे पाहा, थर्मोस्टॅट जन्मला तोच मुळी ओव्हनच्या पोटी. आजही बऱ्याच ओव्हनांत एक बारीक फुगीर नळी आत टांगलेली असते. तिच्यातला द्रव तापला की फुगतो आणि दुसऱ्या टोकाचा विजेचा संपर्क तोडतो. पारा जाऊन स्विच आला, एवढाच काय तो चारशे वर्षांतला फरक. खुद्द ड्रेबेलची अखेर मात्र दारूचा गुत्ता चालवण्यात झाली. १६३३ साली तो वारला. राजेलोकांच्या मर्जीला थर्मोस्टॅट बसवायचं त्याच्या डोक्यात आलं नसावं.

साधारण त्याच काळात, मी सध्या ज्या गावी काउंटरमागे बसून लोकांची पासबुकं भरून देतो त्या नळदुर्गात, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बोरी नदी किल्ल्यात अडवली आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल बांधला. साल १६१३. नदी भरून आली की जादा पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून धो धो कोसळतं आणि आत महालात बसलेल्याच्या अंगावर शिंतोडा उडत नाही. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेलं की आपलं आपण वाट काढतं, खाली आलं की थांबतं. दरवाजा उघडायला शिपाई नको, की वरून हुकूम नको. ड्रेबेलने जे उष्णतेचं केलं तेच इथल्या कारागिरांनी पाण्याचं करून ठेवलं होतं. आमच्या गावात हा चालू-बंदचा हिशेब देवालाही लागू आहे. खंडोबा सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावांचे मानकरी त्याचा रीतसर करार करतात. असा नियमित कटऑफ आमच्या पंख्यालाही नाही.

पुढची पिढी घड्याळजींची. जॉन हॅरिसन या इंग्रजाने समुद्रावर चुकणार नाही असं घड्याळ करण्याच्या नादात पितळ आणि पोलाद यांच्या दोन पट्ट्या एकमेकींना कायमच्या जोडून टाकल्या. पितळ उष्णतेने जास्त वाढतं, पोलाद कमी. जोडलेल्या असल्यामुळे सुटता येत नाही, मग दोन्ही मिळून वाकतात. (लग्न झालेल्या वाचकांना अधिक खुलासा नको.) १७५९ साली पुऱ्या झालेल्या त्याच्या तिसऱ्या घड्याळात ही पट्टी आहे, आणि आज इस्त्रीतही तीच आहे. 'थर्मोस्टॅट' हे नाव ठेवलं स्कॉटलंडच्या अँड्र्यू यूरने, १८३० साली. बारसं दोनशे वर्षांनी झालं, पण झालं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा वॉरन जॉन्सन. हा मास्तर. त्याच्या शाळेत शिपाई वर्गावर्गात येऊन थंडी किती ते पाहायचा आणि मग तळघरातल्या भट्टीची झडप फिरवायचा. शिकवण्यात व्यत्यय नको म्हणून जॉन्सनने विजेचा थर्मोस्टॅट केला. त्याचं पेटंट १८८३ चं. या यंत्राचं काम काय, तर वर्ग गार पडला की तळघरात घंटा वाजवून शिपायाला उठवायचं! आमच्या साहेबांच्या टेबलावरची घंटा इतक्या थोर कुळातली असेल असं वाटलं नव्हतं. राहता राहिली कॉइल. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. अल्बर्ट मार्शने ती १९०६ साली पेटंट केली आणि लाल होऊनही न जळणारी तार घराघरांत आली.

त्याआधी आणि त्यानंतरही कैक वर्षं आपल्या बायका पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून भागवत. दिवाळीत घरचं तूप, साखर, मैदा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणत. भट्टीत हात घालून ताव सांगणारा बेकरीवाला हाच गावचा थर्मोस्टॅट.

हा सगळा इतिहास मला उपयोगी पडला तो आमच्या बोळातल्या काकूंमुळे. (आडनाव सांगत नाही. खातेदाराची गोपनीयता.) मुद्रा कर्ज काढून त्यांनी ओव्हन घेतला. दिवाळीची बारा किलो नानकटाईची ऑर्डर आली आणि ओव्हनने अंग काढलं. "साहेब, सकाळी जळतंय अन् संध्याकाळी कच्चं ऱ्हातंय," काकू पासबुक पुढे करत म्हणाल्या. हप्ता दहा तारखेचा. दुकानदाराचं मत, "दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या." शेजाऱ्यांचं मत अर्थातच, "कॉइल गेली."

वायरिंग करणारा एक पोरगा आला. त्याने आधी प्लग काढला, ओव्हन पूर्ण निवू दिला आणि मगच पाठ उघडली. मीटर लावून कॉइल तपासली. दीड हजार वॅटची कॉइल सुमारे ३५ ओहम दाखवायला हवी, तेवढी दाखवत होती. शेजाऱ्यांचा चेहरा पडला. मग आत बोट दाखवून तो म्हणाला, "मावशी, ही नळी क्लिपातून निसटलीया. बाहेरच्या पत्र्याला टेकलीया." पत्रा थंड, म्हणून नळीला वाटायचं ओव्हनही थंड, आणि ती वीज तोडायचीच नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणून पाहिलं, तर नॉब १८० वर आणि आत २३०! सकाळच्या जळक्या नानकटाईचा उलगडा झाला.

संध्याकाळचा दोष ओव्हनचा नव्हताच. दिवेलागणीला आमच्याकडे व्होल्टेज उतरतं. २३० चं १८० झालं तर दीड हजार वॅटचा ओव्हन जेमतेम नऊशे वॅटचा उरतो, कारण व्होल्टेज जेवढं घटतं त्याच्या वर्गाच्या हिशेबाने ताकद घटते. हा हिशेब मात्र मी केला, कॉमर्सचा असूनही. काकू घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांनी ट्रे आत ढकलायच्या. सकाळी ठीक, पण संध्याकाळी दहा मिनिटांत ओव्हनला नीट जागही येत नव्हती. "घड्याळ बघू नका मावशी, लाल दिवा बघा. तो इझला की ट्रे घाला," पोराने सांगितलं.

नळी जागेवर बसवली. तरीही १८० ला आत १९५ भरत होतं. दिवा चार-पाच वेळा लागू-विझू देऊन आकडे टिपले आणि सरासरी काढली. दहा-पंधरा अंशांचं वरखाली चालायचंच, असं पोरगा म्हणाला. त्याने मजुरीचे दोनशे घेतले. काकूंनी मुलीची नेलपॉलिश आणून नॉबवर १६५ पाशी एक ठिपका दिला. ऑर्डर वसुबारसेच्या आदल्या दिवशी गेली, हप्ता नऊ तारखेलाच जमा झाला. हल्ली काकू कुणालाही कृती सांगताना अंश सांगत नाहीत, "ठिपक्यावर ठेव" म्हणतात, आणि ऐकणारी बाई आपल्या ओव्हनवर तो ठिपका शोधत बसते.